राधाकिशन गिरामांची आवाजबंद खोली

स्लॅबवरच्या पत्र्याच्या खोलीला आतून अंड्यांचे ट्रे ठोकायचे, ही कल्पना राधाकिशन गिरामची नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते सगळं बोरठाण्यातल्या लोकांनी त्याच्याच नावावर मांडलं. कल्पना माणिकरावांची. माणिकराव म्हणजे शेजारचे. एसटीत कंट्रोलर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण अजूनही समोरून माणूस जाताना दिसला की कुठं, कशाला आणि किती वाजता परत, एवढं विचारल्याशिवाय ते त्याला सोडत नसत.

राधाकिशनला हवं होतं ते फार नव्हतं. सकाळी सहा ते आठ गळा मोकळा करायला जागा हवी होती, बस. तालुक्याच्या पंचायत समितीत तो आवक-जावकच्या टेबलावर लिपिक होता. वडील नोकरीत असताना वारले आणि त्यांच्या जागी त्याला घेतलं, तेव्हा तो परभणीला गुरुजींच्या घरी राहून गाणं शिकत होता. ‘दोन वर्षं नोकरी करतो, घर मार्गी लागलं की परत येतो,’ असं गुरुजींना सांगून तो निघाला. त्याला एकवीस वर्षं झाली. घर मार्गी लागलं. स्लॅब पडला, लग्न झालं, लेक कॉलेजला परभणीला गेली. राधाकिशन तेवढा मार्गी लागायचा राहिला, आणि गुरुजी मधल्या काळात वाट न बघता वारले.

त्यात मार्चमध्ये परभणीच्या रेडिओ केंद्राची सुगम संगीताच्या स्वरचाचणीची जाहिरात आली. याआधी त्यानं दोनदा अर्ज केला होता. एकदा ताप आला, एकदा मार्चअखेरची रजा मिळाली नाही. आता वय चव्वेचाळीस. या खेपेला झालं तर झालं, नाहीतर मग नाहीच, असं त्यानं मनाशी ठरवलं. बायकोला मात्र हे सांगितलं नाही, कारण राजेश्रीनं त्यातलं ‘मग नाहीच’ एवढंच लक्षात ठेवलं असतं.

आता घरात गाण्याची सोय बघा. पुढच्या खोलीत सहापासून राजेश्रीची चौथीच्या पोरांची शिकवणी. मधल्या खोलीत आईचा, कस्तुराबाईंचा, हरिपाठ. मागच्या अंगणाला लागून केशरबाईंचा गोठा. तिथं उभं राहून त्यानं आठवडाभर गाऊन पाहिलं, तर केशरबाई भिंतीवरून डोकावल्या.

“दादा, राग मानू नका, पर तुमी वरचा आवाज काढला की माझी म्हैस पान्हा चोरायली.”

राधाकिशननं राग मानला नाही. दोन दिवस त्यानं खालच्या सप्तकात गाऊन बघितलं. म्हशीला तेही पसंत पडलं नाही. एखाद्या जाणकारानं नापसंती दाखवली तर माणूस मनाची समजूत घालू शकतो, पण म्हशीचं मन वळवायला कुणाकडं जायचं?

राहिली स्लॅबवरची पत्र्याची खोली. तिच्यात जुन्या सायकली, फुटका कूलर आणि लग्नातले पाट होते. ती रिकामी करताना माणिकराव आपल्या गच्चीवरून बघत होते.

“गाण्याला खोली करायलात? मग आवाजबंद करा की. मोबाईलवर व्हिडिओ बघितला म्या. शहरात समदे गाणारे अंड्याचे ट्रे ठोकतात भिंतीला. आवाज त्या खड्ड्यांत जाऊन बसतो, भायेर येतच न्हाई. फुकटात काम!”

फुकटात होणाऱ्या कामाला मध्यमवर्गीय माणूस नाही म्हणत नाही. राधाकिशननं मोंढ्याच्या बाजारातल्या अंड्यांच्या ठोक दुकानातून रिकामे ट्रे सांगितले. ते टेम्पोतून आले. टेम्पोवाल्यानं गाडी मागं घेताना माणिकरावांच्या फाटकाजवळच्या शेवंतीच्या दोन कुंड्या फोडल्या. राधाकिशननं हात जोडले. माणिकराव म्हणाले, “असू द्या, असू द्या, कुंड्याच हायेत,” आणि फुटलेल्या खापऱ्या एकेक करून बराच वेळ गोळा करत बसले. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

कस्तुराबाई माळकरी. घरात कांदा-लसूणसुद्धा वार बघून यायचा. टेम्पोतून उतरलेली थप्पी बघून त्या उंबऱ्यातच बसल्या.

“माझ्या डोक्यावर अंडी आणून ठिवलास, किशन?”

“आई, अंडी न्हाईत. नुसते ट्रे हायेत. कागदाचे.”

“निजवलंय न्हवं त्याच्यात अंड्याला? पाळणा रिकामा असला म्हणून काय त्याला पाळणा म्हणायचं न्हाई?”

कस्तुराबाईंनी वर न चढण्याचं जाहीर केलं आणि रोज सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर तांब्यातलं पाणी शिंपडायला सुरुवात केली.

ट्रे ठोकायला धम्मानंद आला. धम्मानंद त्याच्याच ऑफिसात बांधकाम विभागात होता आणि तबला चांगला वाजवायचा. त्यानं मात्र गाण्याचं आणि नोकरीचं भांडण केव्हाच मिटवलं होतं. शनिवार-रविवारी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, सोमवारी मोजमापाच्या वह्या भरायचा, आणि दोन्हीकडं सारख्याच शांतपणे जेवायचा. राधाकिशनला त्याचा हेवा वाटे आणि थोडा रागही येई. लग्नातलं गाणं राधाकिशनच्या गुरुजींना मान्य नव्हतं. परीक्षा तर त्याहून मान्य नव्हत्या. ‘कागद गात नसतो,’ असं ते म्हणायचे. त्यामुळं राधाकिशनकडं ना लग्नाचं आमंत्रण होतं ना परीक्षेचं प्रमाणपत्र.

दोन रविवार दोघं ठोकत होते. भिंती झाल्या, छत झालं. दाराला धम्मानंदानं आतून जुनी गादी ठोकली, फटींना सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. मग राधाकिशन आत गेला, दार ओढून घेतलं आणि पूर्ण दमानं गायला. धम्मानंद बाहेर कान लावून उभा राहिला. पाच मिनिटांनी त्यानं दार उघडलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

“काय बी ऐकू आलं न्हाई, राधाकिशन! लय भारी झालं.”

आपल्या गाण्याला मिळालेली एवढी मनापासूनची दाद राधाकिशनला त्याआधी आठवत नव्हती.

गावात मात्र भलतंच पसरलं होतं. टेम्पोभर ट्रे गिरामांच्या घरी गेले, म्हणजे गिरामांनी अंड्यांचा धंदा काढला, एवढा हिशेब लावायला कुणाला अडचण आली नाही. भाजी घ्यायला गेलं की बाया थांबवायच्या, “भाऊ, गावरान हायेत का पांढरे?” शिकवणीच्या पोरांपैकी एकानं राजेश्रीला घरच्यासाठी डझनभर अंडी मागितली. राजेश्री त्या दिवशी जेवून उठली. हात धुताना म्हणाली, “मला एवढंच कळंना, की तुमी गाताय ते कुणाला ठाऊक न्हाई, अन् इकत न्हाई ते सगळ्या गावाला ठाऊक हाय.”

मग एके दिवशी ऑफिसच्या टपालात एक अर्ज आला. राधाकिशननं सवयीनं पाकीट फोडलं, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि विषय रजिस्टरात उतरवायला घेतला. विषय होता: ‘आपल्या कार्यालयातील कनिष्ठ लिपिक श्री. रा. कों. गिराम हे शासकीय सेवेत असताना राहत्या घरी अंड्यांचा विनापरवाना व्यवसाय करीत असलेबाबत.’ खाली ‘एक जागरूक नागरिक’. नगरपालिकेलाही प्रत दिली होती.

त्यानं तो दोनदा वाचला. एवढा लांब विषय रजिस्टराच्या रकान्यात बसेना, म्हणून दोन ओळींत बसवला. अक्षर ठसठशीत होतं, प्रत्येक ‘ळ’ला खाली गाडीच्या वळणासारखा बाक. हा ‘ळ’ त्यानं बसस्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर वीस वर्षं वाचला होता. त्या संध्याकाळी माणिकरावांनी फाटकातून हाक मारून त्याला चहा दिला आणि विचारलं, “कुठवर आली खोली?” त्यानं “झाली,” म्हणून चहा प्याला. दोघंही कुंड्यांविषयी बोलले नाहीत. शेजार पुढंही चालवायचाच असतो.

साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्यांना कागद पुढं सरकवल्याशिवाय झोप येत नसे.

“गिराम, मला ठाऊक हाय तुमी तसले न्हाईत. पण अर्ज आला ना? खुलासा घ्यावा लागतो. नगरपालिकेचा काय निकाल येतो तेबी बघावं लागतं. नोकरीचा प्रश्न हाय. सांभाळून.”

टंकलेखक रजेवर होता, म्हणून खुलासा मागवणारं पत्र राधाकिशननंच टाइप केलं. ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये’ हे वाक्य त्यानं एकही चूक न करता टाइप केलं. मग साहेबांची सही घेऊन त्यानं पत्राला जावक क्रमांक दिला, पाकिटात घातलं, पाकीट स्वतःच्या हातात दिलं आणि मिळाल्याची सही केली.

चौथ्या दिवशी नगरपालिकेची नोटीसही आली. राहत्या जागेत व्यवसाय, सुनावणीस पुराव्यासह हजर राहावे. सुनावणी स्वरचाचणीनंतर तीन आठवड्यांनी होती. राधाकिशननं ठरवलं, आधी गाणं, मग अंडी.

आणि खरं सांगायचं तर त्या महिनाभरात खोलीनं त्याला सुख दिलं. आत भट्टीसारखं तापायचं, मुंग्या ट्रेच्या खड्ड्यांतून वाळलेला बलक शोधत फिरायच्या, वास यायचा. पण दार लावलं की गोठा नाही, शिकवणी नाही, टेबल नाही. बावीस वर्षांचा असताना जो सूर हाताशी येऊन निसटायचा तो आता आपणहून येऊन बसायला लागला. एकदा तर गाणं संपल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घामात मिसळून गेल्यामुळं त्याला स्वतःलाही खातरी देता येईना.

चाचणीचा दिवस एप्रिलातला गुरुवार. वेळ अकराची. आठ-पंधराची बस धरली की झालं. शिकवणीत मध्ये नको म्हणून त्यानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, “मी सहाला वर जातो, तासभर गातो, अन् भायेरच्या जिन्यानं तसाच बसला जातो.” इस्त्रीचे कपडे घालून, पिशवी घेऊन तो वर गेला आणि गादीचं दार घट्ट ओढून घेतलं.

आता कस्तुराबाई. मुलगा एवढ्या मोठ्या कामाला चाललाय आणि आपण अंड्यांपायी त्याच्याशी धरून बसलोय, याचं त्या माउलीला सकाळी सकाळी वाईट वाटलं. सातच्या सुमाराला त्यांनी अंगारा घेतला, मन घट्ट केलं आणि पहिल्यांदा जिना चढल्या. खोलीपाशी आल्या. आत कसलाही आवाज नव्हता. त्यांना वाटलं, पोरगं गेलंसुद्धा, आणि घाईत कडी लावायची विसरलं, मांजर शिरेल. त्यांनी बाहेरून कडी घातली, नीट बसली का ते हलवून बघितलं, कडीला अंगाऱ्याचं बोट लावलं, हात जोडले आणि खाली येऊन देवळात गेल्या.

साडेसातला राधाकिशननं दार ढकललं.

पहिल्यांदा त्यानं सभ्यपणे विचारलं, “कुणी आहे का?” मग “आई!” मग “राजेश्री!” खाली राजेश्री पोरांकडून पंधराचा पाढा म्हणून घेत होती. मोबाईल काढला तर पत्रा आणि ट्रे यांच्यात रेंजचं टिपूसही नव्हतं. त्यानं दारावर लाथा मारल्या; गादीनं त्या झेलल्या. सव्वाआठ झाले. नऊ झाले. पत्रा तापला. पाण्याची बाटली संपली. त्यानं माणिकरावांना हाका मारल्या, केशरबाईंना मारल्या, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं अशा दोन घरांनाही मारल्या. शेवटी सगळा दम गोळा करून वरचा षड्ज लावला, माणसं नाही तर नाही, निदान म्हैस तरी बिथरेल म्हणून. म्हैस शांतपणे रवंथ करत राहिली. धम्मानंदानं काम चोख केलं होतं.

साडेनऊला माणिकराव आपल्या गच्चीवर पापड वाळत घालायला आले. समोरचं दार मधूनच थरथरतंय हे त्यांना दिसलं. ते खाली उतरले, गिरामांचा जिना चढले, दाराला तोंड लावून ओरडले, “कोण हाय आत? कवापासून?” उत्तर ऐकू येईना, तेव्हा कुठं त्यांनी कडी काढली.

बाहेर आलेल्या राधाकिशनकडं बघून माणिकराव हबकले. शर्ट अंगाला चिकटलेला, केसांत ट्रेचा भुसा. त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला.

“पाथरीहून येणारी नऊ-पन्नासची हाय,” माणिकराव म्हणाले. मग आपली स्कूटर काढून त्यांनी त्याला स्टँडवर नेलं, गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि वाहकाला सांगितलं, “साहेब रेडिओवर गाणारे हायेत, बसू द्या.” तो अर्ज लिहिणारा माणूस हाच, हे राधाकिशनला त्या वेळी आठवत होतं, आणि तरी त्याला रडायला आलं ते उपकारानं. वाटेतलं पेडगाव येईपर्यंत तो स्टँडवर बाटलीत भरून घेतलेल्या मीठ-पाण्याच्या गुळण्या खिडकीतून बाहेर टाकत होता आणि मागच्या सीटवरची बाई त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होती.

केंद्रावर तो सव्वाअकराला पोचला. त्यांनी त्याचं नाव शेवटी घेतलं. थंडगार खोली, गालिचा, भिंतींना सुबक लाकडी जाळी. एकही ट्रे नव्हता. काचेपलीकडून एका बाईचा आवाज आला, “गिराम, तयार असाल तेव्हा सुरू करा.” लाल दिवा लागला.

तो सुरू झाला. महिनाभर ज्या सुरानं येऊन शेजारी बसायची सवय लावली होती तो आलाही; राधाकिशनला तो स्पष्ट दिसत होता. फक्त गळ्यातून त्याच्यापर्यंत जायला वाट नव्हती. पहिली ओळ घोगऱ्या हवेत विरली. दुसरीचा निम्मा भाग बाहेर पडला. बाई म्हणाल्या, “पाणी घ्या. पुन्हा करू.” पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. दिवा विझला.

जाताना त्या बाई दारापर्यंत आल्या. “आवाज पार बसलाय तुमचा. पण एक सांगू? सूर कुठं सोडला नाही तुम्ही. शिकलेले दिसता.” राधाकिशननं मान हलवली. सगळं सांगायचं होतं. कडी, गादी, आई, म्हैस. पण सांगायलाही आवाज लागतो.

घरी आल्यावर कस्तुराबाई दारातच उभ्या होत्या. “अंगारा लावून आले होते म्या वर. झालं का चांगलं?” त्यानं मानेनंच हो म्हटलं. कडीचं आईला कुणीही, कधीही सांगायचं नाही, असं त्यानं राजेश्रीला कागदावर लिहून दिलं. राजेश्रीनं कागद वाचला, घडी घातली, आणि आठ दिवस त्याला हळद-दूध देताना एकदाही ‘मग आता काय’ असं विचारलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

निकाल अडीच आठवड्यांनी पोस्टानं आला. छापील नमुन्यात हातानं भरलेला: ‘उमेदवाराचे नाव: राधाकिशन कोंडिबा गिराम. प्रकार: सुगम संगीत, गायक. निकाल: अनुत्तीर्ण.’

दोन दिवसांनी नगरपालिकेत सुनावणी. परवाना विभागाच्या पंकजा मॅडम नवीन लागलेल्या, वयानं त्याच्या लेकीहून पाचसात वर्षांनी मोठ्या असतील. फाइल समोर होती.

“ट्रे हायेत हे मान्य हाय तुमाला?”

“हायेत. पण अंडी न्हाईत. मी गातो, मॅडम. आवाज भायेर जाऊ नये म्हणून लावलेत.”

“गाता? पुरावा?”

राधाकिशननं गणेशोत्सवातला फोटो दाखवला. मॅडमनी तो निरखला. “ह्यात तुमी माइक धरलाय, सर. सूत्रसंचालक बी धरतो. संगीताची परीक्षा वगैरे?”

“दिली न्हाई.”

“मग कुठल्या कार्यालयाचा काही कागद? तुमी गायक असल्याचा?”

राधाकिशननं मागं वळून रांगेकडं बघितलं. आवाज परत आला होता. वाटलं असतं तर तिथंच गाऊन दाखवता आलं असतं. पण रांगेत मागं मटणाच्या दुकानाच्या परवान्यासाठी दोघं उभे होते. त्यानं पिशवीत हात घातला आणि निकालाचं पत्र टेबलावर ठेवलं.

मॅडमनी ते वाचलं. ‘गायक’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. त्याखालची ओळही त्यांनी वाचली असणार, पण नजर वर न करता म्हणाल्या, “हे चालतंय. शिक्का हाय ह्याच्यावर.” आणि फाइलला लावून टाकलं.

“आता फकस्त एक हमीपत्र द्या. तुमच्या ऑफिसला बी प्रत लागंल, म्हणजे मिटलं. मजकूर तयार असतो आमच्याकडं, व्यवसायाचं नाव तेवढं बदललंय.”

मजकूर असा होता: ‘मी असे लिहून देतो की, मी सदर जागेत गायनाचा व्यावसाय करीत नाही, त्यापासून मला कोणतेही उत्पन्न नाही, व भविष्यात सदर व्यावसाय करणार नाही. केल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन.’

राधाकिशननं तो सावकाश वाचला. खिशातून पेन काढलं. दोन्ही ठिकाणी ‘व्यावसाय’मधला जादा काना खोडला, समासात ‘दोन दुरुस्त्या मान्य’ असं लिहून आद्याक्षरं टाकली, खाली तारीख घातली, आणि पूर्ण नावानं सही केली. मग दुसऱ्या प्रतीवरही तसंच केलं.

पंकजा मॅडमनी कागद उचलून उजेडात धरला आणि पहिल्यांदाच हसल्या.

“अक्षर लय सुंदर हाय हो तुमचं, सर.”

“थँक्यू,” राधाकिशन म्हणाला. अजून बारा वाजायचे होते. पाय उचलला तर अर्ध्या दिवसाची रजा वाचणार होती, म्हणून बाहेर पडल्यावर तो उन्हातून भराभर ऑफिसच्या दिशेनं चालू लागला.